नवीन डॉक्टरांना एकटं कधी सोडायचं: पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यातलं पहिलं वर्ष

पुण्यात पाळीव प्राण्यांचे दवाखाने चालवणाऱ्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. नवीन डॉक्टर येतात, सहा-आठ महिने काढतात, जरा हात बसला की निघून जातात. कारण विचारलं की पगाराचं नाव पुढे येतं, आणि पगार खरंच कमी असेल तर ते कारण खोटंही नसतं. पण पगार ठीक असूनही लोक जातात, तेव्हा मागे बहुतेक वेळा अशी एखादी संध्याकाळ असते: रविवार, बाहेर बारा जण बसलेले, मोठे डॉक्टर लग्नाला गेलेले, त्यांचा फोन लागत नाही आणि टेबलावर तोंड उघडून श्वास घेणारं मांजर. नोकरी सोडायचा विचार त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात येतो. पुढचे सहा महिने तो फक्त मुरत राहतो.

म्हणून नवीन माणूस टिकवण्याचं काम रुजू होण्याच्या आधीच सुरू करावं लागतं. कोणती केस त्यांनी एकट्याने बघायची, कोणती विचारून आणि कोणती तुम्ही शेजारी उभे असतानाच, हे ठरवून कागदावर आणायचं. बाकी बरंचसं त्यातून आपोआप सुटतं.

रुजू होण्याआधी

पहिलं काम नोंदणी तपासणं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणी असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं कार्यालय नागपूरला आहे. पदवी नुकतीच हातात आलेली असेल तर अर्ज केलाय का, क्रमांक मिळालाय का, हे मुलाखतीतच विचारा. क्रमांक येईपर्यंत त्यांनी प्रिस्क्रिप्शनवर सही करायची नाही आणि लसीकरण कार्डावर शिक्का मारायचा नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलं की नंतर अवघडल्यासारखं होत नाही.

दुसरं रेबीजची लस. प्राणी चावण्याआधी घ्यायचे डोस तीन: पहिला दिवस शून्य, दुसरा सातव्या दिवशी, तिसरा एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे रुजू होण्याच्या महिनाभर आधी सुरुवात हवी. खर्च दवाखान्याने करायचा, आणि अटेंडंटचाही करायचा. तिसरा डोस होईपर्यंत नवीन डॉक्टरांनी लस न झालेला भटका कुत्रा हाताळायचा नाही. लस पूर्ण झालेल्या माणसाला नंतर कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि शून्य व तिसऱ्या दिवशी असे दोन डोस घ्यायचे. त्यांना इम्युनोग्लोब्युलिन (जखमेत टोचायच्या तयार अँटिबॉडी) लागत नाही. प्रत्येकाच्या डोसच्या तारखा एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. अँटिबॉडी टायटर, म्हणजे रक्तातलं लसीच्या अँटिबॉडीचं प्रमाण, ठरावीक काळाने तपासा, ०.५ आययू/मिलीच्या खाली आलं तर बूस्टर द्या.

तिसरी गोष्ट राहण्याची. परभणी, उदगीर, अकोला, नागपूरकडून शिकून आलेल्यांना पुण्यात खोली घ्यायची म्हणजे भाडं आणि वर डिपॉझिट एकदमच द्यावं लागतं. पहिल्या पगारातून लगेच न कापता चार-पाच हप्त्यांत वळती होईल अशी उचल द्या. दवाखान्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत खोली शोधायला स्वतः मदत करा. हडपसरला नोकरी आणि वाकडला मावशीकडे मुक्काम, अशी जुळणी चार महिन्यांत मोडते.

शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. तिथल्या इंटर्नना दोन दिवस येऊन बसायला बोलावलं तर दोन्ही बाजूंना अंदाज येतो. या दोन दिवसांचे पैसे द्या.

पहिले पंधरा दिवस

साडेपाच वर्षांच्या शिक्षणात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं, पण अभ्यासक्रमाचा मोठा भाग गाई-म्हशींभोवती फिरतो. म्हशीचा अडलेला प्रसव सोडवलेल्या मुलीने आयुष्यात दहासुद्धा मांजरं हाताळलेली नसतील. त्यात तिची काही उणीव नाही, फक्त सुरुवात कुठून करायची ते त्यावरून ठरवायचं.

पहिला आठवडा स्वतंत्र केस द्यायची नाही. त्यांनी तुमच्या शेजारी उभं राहायचं आणि केसपेपर लिहायचा. लिहिता लिहिता तुमची औषधं, तुमचे डोस, तुमच्या लेखी ‘परत कधी यायचं’ म्हणजे किती दिवस, हे सगळं त्यांच्या हातात उतरतं. याच आठवड्यात दवाखाना दाखवा, पण वरवर नको. ऑक्सिजनचा सिलिंडर त्यांना स्वतः उघडायला लावा. अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावायला सांगा. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, काढलेले अवयव आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, काचेच्या व्हायल निळ्या खोक्यात, हे जैववैद्यकीय कचऱ्याचं वर्गीकरण त्यांच्या हातून आठवडाभर रोज होऊ द्या.

केटामाइन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येतं. ते कुलपात ठेवायचं, वापरलेला प्रत्येक मिली वहीत लिहायचा, शिल्लक रोज जुळवायची. इथे एक चूक बऱ्याच ठिकाणी होते: किल्ली मोठ्या डॉक्टरांच्या खिशात घरी जाते. मग रात्री भूल द्यायची वेळ आली की नवीन डॉक्टर कपाटासमोर उभे. दुसरी किल्ली कोणाकडे असते ते ठरवा आणि तेही वहीत लिहा.

इमर्जन्सीच्या पेटीवर डोसचा तक्ता लावा आणि तो मिलिग्रॅममध्ये नको, मिलीमध्ये असू द्या. हात थरथरत असताना गणित केलं की दशांश चिन्ह सरकतं आणि डोस दहापट होतो. तक्ता असा लिहावा:

अ‍ॅड्रेनलिन (१ मिलीत १ मिलिग्रॅम): १ मिली अँप्युल ९ मिली नॉर्मल सलाईनमध्ये मिसळा. त्यातलं १० किलो वजनाला १ मिली.
अ‍ॅट्रोपिन (१ मिलीत ०.६ मिलिग्रॅम): १५ किलोला १ मिली, ३० किलोला २ मिली.
डायझेपाम, चालू झटक्यासाठी शिरेतून (१ मिलीत ५ मिलिग्रॅम): १० किलोला १ मिली.

वापरायचं अँप्युल वेगळ्या ताकदीचं आलं तर तक्ता त्याच दिवशी बदलायचा. महिन्यातून एकदा पेटी उघडून मुदत तपासायचं काम नवीन डॉक्टरांकडे द्या, म्हणजे पेटीत काय कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येईल.

आता अटेंडंट काकांबद्दल. बऱ्याच दवाखान्यांत पंधरा-वीस वर्षं काम केलेले एक काका असतात. कुत्र्याची मान कशी धरायची, डॅशहुंडच्या वाकड्या पायात शीर कुठे सापडते, कोणता मालक फीवरून कुरकुर करतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. नवीन डॉक्टरांनी त्यांच्याकडून शिकावं, तेही मोकळेपणाने. पण मालकासमोर काका म्हणाले, “मोठे डॉक्टर हे इंजेक्शन देत नाहीत हो,” की नवीन डॉक्टरांचा त्या खोलीतला शब्द संपतो. काकांना आधीच बाजूला घेऊन सांगा: काही खटकलं तर “डॉक्टर, जरा आत येता का” एवढंच म्हणायचं आणि आत बोलायचं. काकांचा मान राखून सांगितलं तर ते ऐकतात, आणि पुढे तेच नवीन डॉक्टरांची ढाल होतात.

तीन याद्या

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बसून तीन याद्या लिहा. ‘एकट्याने’, ‘विचारून’ आणि ‘सोबत’. दवाखान्यागणिक त्या बदलतील, पण सुरुवातीला साधारण अशा असाव्यात.

एकट्याने: तंदुरुस्त पिल्लाचं लसीकरण आणि जंताचं औषध, नखं, कान दुखणं, गोचीड, खरवड तपासून त्वचारोग, मोठ्या कुत्र्याचे साधे जुलाब, ज्यात तो खातोय आणि हिरड्या ओल्या आहेत. लसीनंतर प्राण्याला वीस-तीस मिनिटं बाहेर बसवायचंच. तोंड सुजणं किंवा कोसळणं झालं तर ते या वेळात झालेलं बरं, दारातून बाहेर पडल्यावर नको.

विचारून: चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाची उलटी (आधी पार्व्हो या विषाणूची टेस्ट, मग फोन), १०४ फॅरेनहाइटच्या वरचा ताप, प्लेटलेट कमी आलेला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), दोन दिवस न खाल्लेलं मांजर, किडनी किंवा लिव्हरचा रिपोर्ट बिघडलेला कुठलाही प्राणी. गोचीडताप पुण्यात इतका बघायला मिळतो की महिनाभरात नवीन डॉक्टर प्रत्येक तापाला डॉक्सिसायक्लिन लिहायला लागतात. ही सवय वेळीच थांबवा. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघायला लावा, गोचीडतापाचे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन जंतू वेगळे ओळखायला लावा, कारण बॅबेसिया गिब्सोनाय नुसत्या डॉक्सिसायक्लिनने बरा होत नाही. आणि मांजराला डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली तर मागून सिरिंजने पाणी पाजायला मालकाला सांगायचंच. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आकसते.

सोबत: श्वासाची धाप, पोट फुगलेला मोठ्या जातीचा कुत्रा, सर्पदंश, न थांबणारे झटके, पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं), सिझेरियन आणि लघवी अडकलेला बोका.

शेवटच्याबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त निसटणारी केस हीच. मालक येऊन “लघवी अडकलीय” असं क्वचितच म्हणतात. ते म्हणतात, “डॉक्टर, दोन दिवस शी होत नाहीये, सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो.” नवीन डॉक्टर बद्धकोष्ठतेचं औषध देऊन घरी पाठवतात, आणि बोका रक्तात पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत जातो. म्हणून नियम असा ठेवा: कुंथणारा नर मांजर आला की केसपेपरवर दुसरं काहीही लिहिण्याआधी मूत्राशय हाताने चाचपायचं. संत्र्यासारखं टणक लागलं आणि दाबून लघवी येत नसेल तर लगेच फोन. हा नियम मोठ्या अक्षरांत टेबलासमोर लावा.

धापेच्या मांजराचाही असाच एक नियम: आधी ऑक्सिजन, मग बाकी सगळं. एक्स-रेसाठी आडवं पाडायचं नाही, दाबून धरायचं नाही, रक्तासाठी झटापट करायची नाही. बॉक्समध्ये ऑक्सिजन सोडायचा, दार लावायचं आणि फोन करायचा.

याद्यांच्या खाली चार ओळी औषधांच्या: मांजराला पॅरासिटामॉल नाही. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन मांजराला नाही. कॉली जातीला आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस नाही. डोस लिहिण्याआधी वजन काट्यावरच, अंदाजाने नाही.

‘सोबत’ची यादी खरी ठरायची असेल तर फोन उचलला गेला पाहिजे. तुम्ही ऑपरेशनमध्ये किंवा प्रवासात असाल तर त्या दिवशी दुसरं कोण, हे नाव सकाळीच फळ्यावर लिहा. शेजारच्या भागातल्या दोन दवाखान्यांनी एकमेकांसाठी हे काम करायचं ठरवलं तर दोघांनाही सुट्टी घेता येते. आणि फोन आल्यावर “एवढं कळत नाही का” हा सूर एकदा जरी लागला तरी पुढचा फोन येणार नाही. त्याऐवजी रात्री केस बिघडल्याचा फोन येईल.

दर महिन्याला बसून यादीतली नावं एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात हलवा. आपण कुठून कुठे आलो हे नवीन डॉक्टरांना डोळ्यांनी दिसतं, आणि त्या कागदाचा उपयोग पगारवाढीच्या वेळीही होतो.

ऑपरेशन शिकवताना

नवीन डॉक्टरांना सगळ्यात जास्त हवी असते ती सर्जरी, आणि दवाखान्यात सगळ्यात उशिरा मिळते तीही सर्जरीच. वर्षभर नुसतं रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं अवजार) धरायला लावलं तर माणूस जाणार हे नक्की. क्रम असा ठेवा: बोक्याची नसबंदी, मग कुत्र्याची, मग मांजरीचा स्पे (मादीची नसबंदी), मग सडपातळ, तरुण, पंधरा किलोच्या आतल्या कुत्रीचा स्पे. लठ्ठ लॅब्रॅडॉर आणि पायोमेट्रा वर्षाच्या शेवटी. प्रत्येक पायरीवर पाच केस तुम्हाला मदत करत, पाच केस तुम्ही हातमोजे घालून समोर उभे असताना आणि पाच केस तुम्ही इमारतीत असताना. आकडा हाताप्रमाणे कमी-जास्त करा, पायरी मात्र गाळू नका.

समोर उभं असताना स्वतःचे हात मागे ठेवणं हे शिकवणाऱ्याचं कठीण काम आहे. रक्त येत नसेल तोवर अवजार हातातून काढून घ्यायचं नाही. ज्या सकाळी नवीन डॉक्टर स्पे करणार त्या सकाळी दुसरं ऑपरेशन घेऊ नका. तुम्हाला पस्तीस मिनिटं लागतात, त्यांना दीड तास लागेल, आणि बाहेर कोणी ताटकळत असेल तर दीड तासाचं काम घाईत होऊन बिघडेल.

कुत्रीच्या स्पेमध्ये घात होतो तो ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) देठाशी. ओव्हरीला धरून ठेवणारं सस्पेन्सरी लिगामेंट नीट सैल न करता ओव्हरी ओढून वर घेतली की देठाला लांबी मिळत नाही, टाका चरबीवर किंवा ओव्हरीच्या फार जवळ बसतो आणि सोडल्यावर घसरतो. उजवी ओव्हरी जास्त पुढे, बरगड्यांच्या दिशेला असते, म्हणून उजव्या बाजूला हे जास्त घडतं. पोट बंद करायच्या आधी दोन्ही देठ पुन्हा डोळ्यांनी बघायचे, ही सवय पहिल्या केसपासून लावा. उजवीकडचा देठ बघायला ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) उचलून डाव्या बाजूला घ्यायचं, म्हणजे बाकीची आतडी त्याच्या पडद्यामागे अडून राहतात. डावीकडचा बघायला डिसेंडिंग कोलन (मोठ्या आतड्याचा खाली उतरणारा भाग) उचलून उजवीकडे. प्रत्येक बाजूला घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं. गॉझने कोरडं केलेल्या जागी परत रक्त साचलं तर टाका पुन्हा घालायचा, “थांबेल” म्हणून बंद करायचं नाही.

ऑपरेशनआधी सीबीसी प्रत्येकाचा. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्रीच्या प्लेटलेट गोचीडतापाने घसरलेल्या असतात आणि मग टाके उत्तम असूनही रक्त झिरपत राहतं.

पहिलं एकट्याचं ऑपरेशन मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी ठेवा, शनिवारी संध्याकाळी शेवटचं म्हणून ठेवू नका. पुढचा दिवसभर प्राणी नजरेसमोर राहतो. उठून बसेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी हिरड्यांचा रंग, नाडी आणि तापमान लिहायचं. हिरड्या पांढऱ्या पडत चालल्या, नाडी वाढत गेली आणि पोट ताणलं तर पुन्हा उघडावं लागेल, आणि तुम्ही पंधरा मिनिटांत पोहोचू शकाल इतक्या अंतरावर असलं पाहिजे.

“मोठे डॉक्टर नाहीत का?”

हा प्रश्न नवीन डॉक्टरांना दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो, आणि तो बंद करणं फक्त तुमच्या हातात आहे. ओळख करून देताना ‘नवीन’ हा शब्द वापरू नका. “या डॉक्टर मॅडम. ब्रूनोची त्वचा यापुढे ह्याच बघतील, मी त्यांच्याशी बोललोय,” एवढं तुम्ही स्वतः, मालकासमोर, एकदा म्हणा. काउंटरवरही सांगून ठेवा: फोनवर “मोठे डॉक्टर सहाला येतील” असं उत्तर गेलं की पाचला नवीन डॉक्टर रिकामे बसतात आणि सहाला गर्दी होते. “दवाखाना पाचला उघडतो, डॉक्टर आहेत,” हे उत्तर बरोबर आहे.

मालकासमोर त्यांचं औषध बदलू नका. बदलायलाच हवं असेल तर आत जाऊन बोला आणि बाहेर येऊन त्यांनाच सांगू द्या. फी तुमची आणि त्यांची एकच ठेवा. कमी फी लावली की मालक त्यांच्या सल्ल्यालाही तेवढीच किंमत देतात.

पैशाचं बोलायला नवीन डॉक्टरांना फार जड जातं. त्यामुळे तपासण्या सुचवायच्या राहून जातात, किंवा सुचवल्या जातात आणि बिल बघून मालक भडकतात. दहा नेहमीच्या गोष्टींचा खर्च छापून टेबलावर ठेवा: पार्व्होची टेस्ट, सीबीसी, एक दिवसाचं सलाईन, स्पे, एक्स-रे. वाक्यही ठरवून द्या: “आज या दोन तपासण्या कराव्या लागतील, साधारण इतका खर्च येईल. करूया का?” आणि मग गप्प बसायचं. मालकांना विचार करायला वेळ द्यायचा. सवलत द्यायची की नाही हा निर्णय पहिल्या सहा महिन्यांत तुमच्याकडेच ठेवा, नाहीतर नकार देण्याचं ओझंही त्यांच्यावरच येतं.

वेळ, फोन, घरी जाऊन बघणं

पुण्यातले बहुतेक दवाखाने सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ चालतात. जवळ राहणाऱ्या मालक-डॉक्टरला दुपारी जेवून झोपता येतं. कोथरूडहून खराडीला येणारी मुलगी मात्र दुपारचे चार तास दवाखान्यातल्या स्टूलवर काढते आणि रात्री दहाला घरी पोहोचते. म्हणजे कागदावर सात तास, प्रत्यक्षात तेरा. दोन डॉक्टर असतील तर सलग पाळ्या लावा: एकाची दहा ते सहा, दुसऱ्याची एक ते नऊ, आठवड्याला आलटून पालटून. ऑपरेशन दुपारी एक ते चारमध्ये येतात आणि त्या वेळी दोघं हजर असतात, ही जास्तीची सोय. एकच नवीन डॉक्टर असेल तर निदान आठवड्यातले दोन दिवस फक्त सकाळ आणि दोन दिवस फक्त संध्याकाळ.

आठवड्याची सुट्टी पूर्ण दिवसाची, आणि महिन्यातून किमान एक रविवार. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, दिवाळीत फटाक्यांनी घाबरलेल्या कुत्र्यांचे फोन रात्रभर येतात. या दिवसांच्या पाळ्या महिनाभर आधी लावा आणि गावी जाणाऱ्याला दिवाळी किंवा गणपती यातलं एक नक्की द्या.

नवीन डॉक्टरांचा स्वतःचा मोबाइल नंबर मालकांकडे जाऊ देऊ नका. दवाखान्याचा वेगळा फोन ठेवा, तो ज्याची पाळी त्याच्याकडे. एकदा नंबर गेला की रात्री साडेअकराला उलटीचे फोटो यायला लागतात आणि सुट्टीचा दिवस उरत नाही.

घरी जाऊन बघायचं असेल तर अटेंडंट बरोबर हवाच, अनोळखी घरी संध्याकाळनंतर एकट्याने जायचं नाही. पेट्रोलचे पैसे किलोमीटरप्रमाणे महिन्याच्या महिन्याला द्या, मागायची वेळ आणू नका.

केस हातची जाते तेव्हा

ती जाणारच. त्या दिवशी मालकांशी पहिलं बोलणं तुम्ही करा, नवीन डॉक्टर शेजारी बसलेले असू द्या. त्यांना खोलीबाहेर पाठवलं तर दोष त्यांचाच होता असं मालक आणि ते स्वतः, दोघंही धरून चालतात. स्टाफसमोर एक शब्द नको. रात्री एक फोन करा, जेवलात का एवढंच विचारायला.

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं दार लावून बसा आणि केसपेपर समोर ठेवून वेळेप्रमाणे लिहा: किती वाजता आला, काय दिसलं, काय दिलं, कधी बिघडला. मग एकच प्रश्न: कोणत्या वेळी काय वेगळं करता आलं असतं? उत्तर बरेचदा दवाखान्याच्या मांडणीत सापडतं. फोन लागला नाही, ऑक्सिजन संपला होता, वजन अंदाजाने लिहिलं होतं. त्यावरून तीन याद्यांत बदल करा. चूक त्यांच्या हातची असेल तर तीही स्पष्ट सांगा, आणि पुढची तशीच केस आली की सोबत उभे राहा. दोन महिने टाळत राहिलं की भीती कायमची बसते.

इंटरनेटवर वाईट अभिप्राय आला तर उत्तर दवाखान्याच्या नावाने तुम्ही द्या, डॉक्टरांचं नाव येऊ देऊ नका.

प्राण्याला शांतपणे मरण देण्याची पहिली वेळ कधीही एकट्याने नको. पुढेही एका दिवसात एकाच डॉक्टरांवर दोन येऊ देऊ नका. पंधरा वर्षं सांभाळलेल्या कुत्र्याशेजारी रडणाऱ्या आजोबांना बघून लगेच पुढच्या पिल्लाला हसून लस देणं कुणालाच सोपं जात नाही. मध्ये दहा मिनिटं मोकळी ठेवा.

पगार, बाँड आणि एमपीएससी

सगळं पत्रावर लिहून द्या: पगार किती, कोणत्या तारखेला, पगार म्हणून की व्यावसायिक फी म्हणून, टीडीएस किती कापणार, रजा किती, रात्रीच्या केसचे वेगळे किती, पगारवाढ कोणत्या महिन्यात. ‘काम बघून वाढवू’ हे वाक्य पत्रात नको. सहाव्या आणि बाराव्या महिन्याची वाढ आकड्यात लिहा.

औषधांच्या विक्रीवर टक्केवारी देऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. कोणतं औषध का दिलं हे शिकायच्या काळात त्यात पैशाचा धागा मिसळला की हात बिघडतो. रात्रीच्या इमर्जन्सीला ठरावीक रक्कम द्या, केस वाचो न वाचो.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं आणि कोरा चेक घेणं बंद करा. याने माणूस राहतो, पण मनाने आधीच गेलेला असतो, आणि ही गोष्ट कॉलेजपर्यंत पोहोचते. ‘सोडल्यावर पाच किलोमीटरच्या आत दवाखाना काढायचा नाही’ ही अटही निरुपयोगी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सुटल्यानंतर व्यवसाय करण्यावर घातलेलं असं बंधन रद्दबातल ठरतं.

एमपीएससीबद्दल मुलाखतीतच मोकळेपणाने विचारा. पशुधन विकास अधिकारी व्हायचं असेल, पुढे एम.व्ही.एस्सी. करायचं असेल, परदेशात जायचं असेल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. परीक्षेच्या आधीचे दहा दिवस रजा ठरवून द्या. चौदा महिने राहणार आहे हे माहीत असलेला माणूस नियोजनात बसवता येतो. आजीच्या आजारपणाचं सांगून परीक्षेला जावं लागलेला माणूस परत येईल की नाही, कळत नाही.

वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्यांना स्वतःचा एक विषय द्या: सोनोग्राफी, दात, मांजरं, त्वचा, जे त्यांना आवडेल ते. कार्यशाळेची फी दवाखान्याने भरावी आणि परत आल्यावर त्या विषयाच्या सगळ्या केस त्यांच्याकडे वळवाव्यात. ज्याच्याकडे तुम्ही स्वतः केस विचारायला जाता, तो डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यातल्या दोन-तीन हजार जास्त पगारासाठी सहसा हलत नाही.

तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या महिन्यात अर्धा तास बाहेर चहाला बसा. दवाखान्यात नको, तिथे फोन वाजत राहतो. तीन प्रश्न पुरेत: कोणत्या केसची भीती वाटते, कोणतं काम नकोसं झालंय, पुढच्या सहा महिन्यांत काय शिकायचंय. जे सांगतील त्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात बदला, नाहीतर पुढच्या वेळी “सगळं छान आहे सर” याशिवाय काही ऐकायला मिळणार नाही. केसपेपर तोकडे व्हायला लागणं, ऑपरेशनला आपणहून न थांबणं, काकांशी हसणं-बोलणं कमी होणं ही लक्षणं दिसली तर महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी विचारा.

आणि जायचं ठरलंच असेल तर एक महिन्याची मुदत घ्या. चालू केसची यादी त्यांच्याकडून लिहून घ्या, नेहमीच्या मालकांना त्यांनी स्वतः फोन करून पुढे कोण बघणार ते सांगू द्या, आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशी हातात ठेवा. कोणती ऑपरेशनं किती केली, हा आकडा त्यात मोजून लिहा.